फाइल डिलीट झाली? आधी संगणकाचे काम थांबवा!

कासारवाडी, भोसरी, चिंचवड परिसरात घरातल्याच एका संगणकावर वर्कशॉपचा हिशेब सांभाळणारे अनेक लघुउद्योजक आहेत. जीएसटीची बिले, जॉबची ड्रॉइंग, मुलांचे प्रोजेक्ट आणि घरातल्या लग्नाचे फोटो, सगळे एकाच ड्राइव्हमध्ये. जागा करण्यासाठी एखादे जुने फोल्डर 'शिफ्ट' आणि 'डिलीट' दाबून उडवले जाते आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येते, की बिले त्यातच होती. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. मग आता काय?

फाइल खरेच जाते का?
लगेच नाही. विंडोज फक्त आपल्या नोंदवहीत 'ही जागा मोकळी' असे लिहून ठेवते. मजकूर डिस्कवर तसाच असतो. त्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली, की मात्र जुनी कायमची जाते. म्हणूनच पहिला नियम : त्या ड्राइव्हवर काहीही कॉपी, डाउनलोड किंवा इन्स्टॉल करू नका.

आधी कुठे शोधाल?
- रिसायकल बिन उघडा. फाइलवर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' निवडा. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र सहसा इथे येत नाही.
- फाइल ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवली होती का, ते पाहा. तुमच्या सीएकडेही प्रत असू शकते.
- गूगल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये फाइल ३० दिवस राहते. वैयक्तिक वनड्राइव्हमध्येही साधारण तेवढीच मुदत असते.
- विंडोजची 'फाइल हिस्टरी' आधीपासून सुरू असेल, तर फोल्डरची जुनी आवृत्ती मिळू शकते.

हार्ड डिस्क की एसएसडी?
टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' टॅबवर ड्राइव्हचा प्रकार दिसतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून फाइल मिळण्याची शक्यता बरी असते. एसएसडीमध्ये 'ट्रिम' ही सुविधा डिलीट झालेली जागा आतूनच साफ करते. त्यामुळे तिथे आशा फार कमी.

सॉफ्टवेअर कोणते?
मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज फाइल रिकव्हरी' मोफत आहे, पण ते कमांड टाइप करून चालवावे लागते. 'रेकुवा' वापरायला सोपे आहे. 'फोटोरेक'ही मोफत आहे, मात्र त्यातून मिळालेल्या फाइलना मूळ नावे नसतात, त्यामुळे एकेक उघडून पाहावी लागते. सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाका आणि सापडलेल्या फाइलही दुसऱ्याच ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर साठवा. सी ड्राइव्हमधलीच फाइल गेली असेल, तर संगणक बंद करून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडणे उत्तम.

हे टाळा
डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर सॉफ्टवेअर चालवू नका, ती उघडूही नका. जाणकार डेटा रिकव्हरी केंद्रात द्या आणि खर्चाचा अंदाज आधी घ्या. 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर व्हायरस आणतात. फोनवरून 'स्क्रीन शेअर करा, फाइल काढून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नकार द्या. फसवणूक झालीच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

खरा उपाय : दुसरी प्रत
२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याचे समोर आले होते. संकटाचे कारण वेगळे, पण धडा तोच : डेटा एकाच ठिकाणी ठेवू नये. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बाहेरची हार्ड डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवा. आमच्या भागात गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी गेली, की मशीन थांबतात. वीज आली, की पहिले काम बॅकअपचे, अशी सवय लावली तरी पुरे.