पेशी लहानच कां असते?

एकादशीच्या आदल्या रात्रीं साबुदाणा भिजत घालण्याचें काम ज्यांच्याकडे असतें, त्यांस ही गोष्ट सांगावयास नको. बारीक साबुदाणा लवकर भिजतो. मोठा तितकाच वेळ ठेविला तर वरून मऊ होतो, पण मध्यें कणी राहते. पाणी तेंच, भांडें तेंच. मग भेद कशाचा?

दाण्याचा व्यास दुप्पट केला कीं त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, घनफळ मात्र आठपट! पाणी आंत शिरावयाचें तें पृष्ठभागांतूनच. म्हणजे घरांत माणसें आठपट झालीं आणि दरवाजे मात्र चौपटच. शिवाय मध्यापर्यंतची वाटहि लांबली. झिरपत जाणाऱ्या पदार्थास दुप्पट अंतराला सुमारें चौपट वेळ लागतो.

सजीवांच्या पेशींस हाच हिशेब लागू आहे. अन्न व प्राणवायु आंत घेणें, निरुपयोगी द्रव्यें बाहेर टाकणें, हा सर्व व्यवहार पेशीच्या पातळ आवरणांतूनच चालतो. म्हणून हत्तीच्या बहुतेक पेशी उंदराच्या पेशींहून फारशा मोठ्या नसतात. त्यांची संख्या तेवढी प्रचंड असते.

कॅरिबियन समुद्रांतील ग्वादलूप बेटावर खारफुटींत सांपडलेल्या एका जीवाणूचें वर्णन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. हा सुमारें १ सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनीं दिसणारा! परंतु त्याच्या आंतील बहुतेक जागा द्रवानें भरलेल्या पोकळीनें व्यापिलेली असते व सजीव द्रव्य कडेच्या पातळ थरांत राहतें. हिशेब त्यानें मोडलेला नाहीं, चुकविला आहे इतकेंच.

आमच्या मतें याहून चतुर योजना आपल्या रक्तांतच आहे. तांबडी पेशी गोळीसारखी नसून दोन्ही बाजूंनीं मध्यें दबलेल्या चकतीसारखी असते. तिचें घनफळ सुमारें ९० घन मायक्रोमीटर, पृष्ठभाग सुमारें १४० चौरस मायक्रोमीटर; तेवढ्याच घनफळाच्या गोळ्यास तो ९७ च मिळाला असता. या जादा आवरणामुळें प्राणवायूची देवघेव जलद होते आणि पेशीला वाकतांहि येतें. कांहीं कुटुंबांत मात्र या आवरणाचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. आवरण थोडथोडें झडतें, चकती गोल होत जाते, आणि प्लीहेंतील अरुंद फटींतून निसटतां न आल्यामुळें ती तेथेंच नष्ट होते. मुलाचा चेहरा फिका, डोळे पिंवळे. आणि घरचीं माणसें वरचेवर कावीळ होते म्हणून पथ्य व झाडपाला करीत बसतात! असें मूल घरांत असल्यास, आणि आई-बाप, काका, आत्या यांपैकीं कोणाची प्लीहा काढलेली असल्यास किंवा कोणास तरुणपणींच पित्ताचे खडे झालेले असल्यास, तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. रक्ताचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला कीं त्या गोल पेशी बहुधा ओळखूं येतात.