दाढेतली मोझॅक लादी

एका वाचकाने विचारलं आहे, ‘दाढेत सिमेंट भरून झालं, निळ्या दिव्याखाली ते कडकही झालं. मग डॉक्टर त्यापुढे दहा मिनिटं घासत का बसतात?’

हा प्रश्न माझ्या जिभेला विचारायला हवा. गेल्या वर्षी माझ्या खालच्या दाढेत फिलिंग झालं आणि तीन दिवस जीभ तिथून हलेना. आरशात काही दिसत नव्हतं, बोटाला लागत नव्हतं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोन बारीक चकत्या फिरवल्या आणि जीभ ती दाढ विसरून गेली. फिलिंगच्या खडबडीतपणात अर्ध्या मायक्रॉनचा फरक असला तरी जिभेला तो कळतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग!

हे फिलिंग म्हणजे छोटी मोझॅक लादीच. लादीत पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराची खडी असते, इथे रेझीनमध्ये काचेचे किंवा गारगोटीचे कण. ज्यांनी घरात मोझॅकचं पॉलिश होताना पाहिलं आहे, त्यांना ते मशीन आठवेल. पाणी सोडत ते फिरायचं, खालून राखाडी राबडी वाहायची आणि कारागीर दगड बदलत जायचा. आधी भरड, मग मध्यम, मग बारीक. मधला एक दगड गाळला तर भरड दगडाचे ओरखडे बारीक दगडाने निघत नाहीत, नुसते चमकतात. दाढेतही हाच क्रम पाळावा लागतो: आधी ड्रिलच्या टोकाने आकार, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या, मग रबर, शेवटी हिऱ्याच्या पुडीची पेस्ट.

पॉलिश म्हणजे काय, याचं मला सगळ्यांत आवडणारं वर्णन न्यूटनचं आहे. 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये तो म्हणतो, की घासण्याने काचेचा कणन्‌कण सपाट होत नाही, फक्त ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसेनासे होतात. हा माणूस स्वतः आरसे घोटत असे. डांबराच्या थरावर कथलाची राख टाकून, आवाज थांबेपर्यंत तो ती घासायचा. कण डांबरात रुतून बसले की मगच आरशाची पाळी! दंतवैद्याच्या रबरी टोकात हिऱ्याचे कण असेच रुतवलेले असतात.

आता खडीकडे येऊ. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या राफेल बोवेन या दंतवैद्याने हे मिश्रण बनवलं, 1962 मध्ये त्याला पेटंट मिळालं. दात भरून घेणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फार थोड्यांना हे नाव माहीत असेल, याची मला खंत वाटते. रेझीन आणि गारगोटी एकमेकांना धरत नाहीत. म्हणून त्याने कणांवर सिलेनचा लेप दिला: त्याच्या रेणूचं एक टोक काचेला चिकटतं, दुसरं रेझीनला.

पण सुरुवातीचे कण दहा-दहा मायक्रॉनचे आणि त्याहूनही मोठे. मऊ रेझीन आधी झिजायचं आणि कण वर यायचे, जशी जुन्या देवळाच्या लादीत खडी पायाला लागते. एखादा कण उपटला की खड्डा, खड्ड्यात चहाचा डाग. पुढे 0.04 मायक्रॉनची सिलिका आली. चकाकी सुरेख आली, पण अशी पूड रेझीनमध्ये फार मावत नाही, त्यामुळे ताकद कमी पडली. म्हणून आता लहान-मोठे कण मिसळतात.

चकाकीपेक्षा जंतू महत्त्वाचे. 1997 मध्ये बोलेन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासून 0.2 मायक्रॉन ही मर्यादा सांगितली. पृष्ठभाग त्याहून खडबडीत झाला की जंतूंचा थर वाढतो, त्याहून गुळगुळीत केल्याने मात्र तो आणखी कमी होत नाही.

म्हणूनच फिलिंगच्या डब्यावरच्या ‘नॅनो’, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, या शब्दाला मी भुलत नाही. 2014 मध्ये प्रयोगशाळांतल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. नॅनो मिश्रणं लहान-मोठे कण मिसळलेल्या जुन्या ‘मायक्रोहायब्रिड’पेक्षा जास्त गुळगुळीत होतात, असा पुरावा त्यात मिळाला नाही. त्या दहा मिनिटांचं मोल मला डब्यापेक्षा जास्त वाटतं.

आणि फिलिंग काळवंडलं म्हणून लगेच उकरून काढू नका. डाग वरवरचा असेल, तर तो बहुतेक वेळा पुन्हा पॉलिश केल्याने जातो. घरात लग्न निघालं की मोझॅकलाही आपण असंच पुन्हा एकदा मशीन लावून घेतो.