भाड्याचं घर (लेखांक ७) : दुरुस्तीची तारीख कोणी ठरवायची?

मागच्या आठवड्यात आपण अनामत रकमेबद्दल बोललो. आजचा विषय असा आहे की ज्यावर भाडेकरारात बहुधा एकच ओळ असते: किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, मोठी दुरुस्ती मालकाने. खर्च कोणाचा, हे त्या ओळीवरून कसंबसं ठरतं. पण काम कधी करायचं, मिस्त्री कोणी बोलवायचा, त्या वेळी घरात कोण थांबणार आणि काम किती दिवस चालणार, याबद्दल करारात चकार शब्द नसतो. मालक आणि भाडेकरू यांच्यातली बरीचशी कटुता मला तरी इथेच सुरू होताना दिसते. मालकाची खर्चाला तयारी असते, भाडेकरूलाही काम हवंच असतं, आणि तरी तीन-तीन महिने नळ गळत राहतो. एकाने सांगितलेला रविवार दुसऱ्याला चालत नाही आणि दुसऱ्याचा बुधवार प्लंबरला चालत नाही.

फ्लॅटमधली सगळ्यांत नेहमीची तक्रार घेऊ या. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, खाली पांढरी भुकटी साचते. मालक दुसऱ्या गावी असतो, त्याला फोटोत एक डाग दिसतो. भिंतीसोबत चोवीस तास राहणारा माणूस भाडेकरू आहे, म्हणून पहिलं काम त्याचं आहे. काही दिवस ती ओल नीट बघायची. ती रात्रंदिवस सारखी वाढत असेल, तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या पाइपवर घ्यावा. आंघोळी झाल्यावर वाढून रात्रीपर्यंत कमी होत असेल, तर नहाणीचा ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग बघायला हवं. फक्त पावसात येत असेल, तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा वरची गच्ची. मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून सकाळी डाग पाहिला, तरी पुष्कळ उलगडा होतो. एवढी माहिती हाताशी असली की मालकाला नुसतं ‘ओल आली आहे’ असं कळवावं लागत नाही. असा निरोप लिहिता येतो: ‘काका, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे. पाऊस नाही तरी वाढते, आंघोळीनंतर जास्त दिसते. काल रात्री कॉक बंद ठेवला तर वाढली नाही. फोटो पाठवले आहेत. शनिवारी दुपारी किंवा मंगळवारी सकाळी दहानंतर मी घरी आहे, प्लंबरला यांतल्या कोणत्या वेळी पाठवाल?’ या निरोपात दोन वेळा दिलेल्या आहेत, हे महत्त्वाचं. ‘कधीही पाठवा’ असं म्हटलं की कोणी येत नाही.

आता बाथरूम फोडायचंच ठरलं, तर काम कसं चालतं ते मालकाला आणि भाडेकरूला, दोघांनाही आधी माहीत हवं. पहिल्या दिवशी फरशी आणि खालचा कोबा फोडतात, राडारोडा गोण्यांत भरून खाली नेतात. मग प्लंबर पाइप बदलतो आणि पाण्याचा दाब देऊन सांधे तपासतो. त्यानंतर गवंडी वॉटरप्रूफिंगचे थर देतो. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. मग ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवायचं, निदान चोवीस तास, शक्य असेल तर अठ्ठेचाळीस. या काळात खालच्या मजल्यावरच्या छताकडे कोणीतरी बघायला हवं, म्हणजे खालच्या शेजाऱ्यांनाही तारीख आधी सांगायला हवी. ही पाण्याची परीक्षा घाईने गुंडाळली, तर वरून कितीही भारी टाइल लावली तरी काम फुकट जातं. त्यानंतर फरशी, सांधे भरणं, आणि सिमेंट पुरतं धरेपर्यंत वापर बंद. एकूण आठ-दहा दिवस धरून चालावं. ‘दोन दिवसांचं काम आहे’ असं मिस्त्री म्हणाला, तर या पायऱ्यांपैकी कोणती गाळणार आहे ते विचारावं. बाथरूमच्या मागच्या भिंतीचा रंग मात्र या आठ-दहा दिवसांत करू नये. ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पुढच्या पावसाआधीच सुटते.

म्हणजे खरा प्रश्न असा की, एकच बाथरूम असलेल्या घरात भाडेकरूने हे आठ-दहा दिवस कुठे आंघोळ करायची? हा प्रश्न बहुतेक मालकांच्या मनातच येत नाही, आणि भाडेकरू तो विचारायला संकोचतो. तो विचारलाच पाहिजे. शेजारच्या रिकाम्या फ्लॅटचं बाथरूम मिळेल का, त्या दिवसांचं भाडं कमी होईल का, की काम मे महिन्याच्या सुट्टीत घरची मंडळी गावाला गेल्यावर करायचं? शेवटचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात भाडेकरूचं सामान घरात आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. अशा वेळी एक खोली कुलूपबंद करावी, सामानाचे आणि भिंतींचे फोटो काढून दोघांकडे ठेवावेत, आणि मालकाने स्वतः किंवा त्याच्या भरवशाच्या माणसाने रोज चक्कर मारावी. एकटी राहणारी मुलगी असेल, तर अनोळखी कामगारांसोबत तिने घरात एकटं थांबावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथे मालकाच्या घरचं कोणी हजर राहणं हा तिच्यावर उपकार नाही, ती कामाचीच एक गरज आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं, दुरुस्त स्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. पावत्या जपून ठेवाव्यात, कारण पावत्यांसह ठेवलेला हिशेब हा कायद्याने खर्चाचा निर्णायक पुरावा मानला आहे.

कागदावर हे भक्कम वाटतं. पण मुंबईच्या जुन्या चाळीत महिना ३०० रुपये भाडं देणाऱ्या कुटुंबाचा हिशेब करून बघा. वर्षाचं भाडं ३,६०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ९०० रुपये. एवढ्यात आज गवंड्याची एखाद्या दिवसाची मजुरी जेमतेम निघेल. चाळीतल्या वीस बिऱ्हाडांनी मिळून काम काढलं, तरी वर्षाला १८,००० रुपये. सडलेली एक तुळईदेखील त्यात बदलून होणार नाही. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीचं मंडळ म्हाडात आहे, ते याच कोंडीतून. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

दुसरी अडचण आज जास्त लोकांना लागू पडते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर अकरा महिन्यांसाठी राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. कलम १४ मधला वजावटीचा हक्क भाडेकरूसाठी लिहिलेला आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात नव्याने घर घेऊन राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना दुरुस्तीच्या बाबतीत आधार उरतो तो करारातल्या शब्दांचाच. घरात येऊन पाहणी करण्याबद्दलचं कलम २८ मात्र दोघांनाही लागू आहे. मालकाला पाहणीचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना देऊन. स्वतःचं घर आहे म्हणून दुसरी किल्ली लावून आत शिरणं त्यात बसत नाही. उलट, रीतसर कळवून आलेल्या मालकाला दरवेळी ‘आज जमणार नाही’ म्हणून परत पाठवणंही बसत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा करून तो स्वीकारला तरच तिथे लागू होतो. तरी आपला करार लिहिताना त्याची मदत घ्यायला कोणाची आडकाठी नाही. त्यात दुरुस्तीसाठी घरात यायचं तर चोवीस तास आधी लेखी कळवायला सांगितलं आहे, आणि हे कळवणं मोबाइलवरून चालतं. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर येता येत नाही. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप आणि वायरिंग बदलणं मालकाकडे. नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, गीझर, बटणं, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. गीझर मालकाचा आणि दहा वर्षं जुना असेल, तर त्याचा भार भाडेकरूवर टाकणं मला न्याय्य वाटत नाही. तेवढी ओळ करारात बदलून घ्यावी.

माझं मत असं आहे: कामाची मुदत बिघाडाने ठरवावी आणि त्या मुदतीतला दिवस घरात राहणाऱ्याने निवडावा. मुख्य पाइप फुटला, बटणातून ठिणग्या येतात, एकुलता एक संडास तुंबला, दाराचं कुलूप तुटलं, तर मुदत आजची. इथे परवानगीची वाट बघायची नाही. कॉक किंवा एमसीबी बंद करायचा, माणूस बोलवायचा आणि मग मालकाला कळवायचं. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, एकाही बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. गळका नळ, बिघडलेला फ्लश, न लागणारी खिडकी यांना आठवडाभर पुरे. यांसाठी भाडेकरूने दोन-तीन वेळा द्याव्यात आणि मालकाने त्यांतली एक घ्यावी.

गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, छज्जे यांना मात्र पंचांगाची मुदत आहे. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. एप्रिल-मे महिन्यांत गवंडी मिळणं कठीण, कारण सगळ्या गावाला तो तेव्हाच हवा असतो. म्हणून पावसाळ्यात दिसलेल्या गळतीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, दिवाळीनंतर भिंत वाळली की मिस्त्रीला दाखवावी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकावं. ऑगस्टमध्ये गळती, सप्टेंबरमध्ये तक्रार, ऑक्टोबरमध्ये विसर आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बादली, असं अनेक घरांत वर्षानुवर्षं चालतं. अकरा महिन्यांच्या करारात तर पावसाळ्यात त्रास सोसलेला भाडेकरू मे महिन्यात निघून जातो आणि नव्याला ती गळती जुलैत कळते. घर सोडताना भाडेकरूने आणि घर देताना मालकाने ही माहिती पुढे दिलीच पाहिजे.

सोसायटीचा भागही विसरून चालत नाही. ठोकाठोकीच्या कामाला बहुतेक सोसायट्यांत ठरावीक वेळ असते, दुपारी विश्रांती, रविवारी बंदी. फोडकामाची परवानगी फ्लॅटच्या मालकाने, म्हणजे सभासदाने मागायची असते. भाडेकरूचा अर्ज सचिव घेत नाहीत. पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, फ्लॅटच्या आतली सभासदाच्या. वरच्या फ्लॅटमधून गळत असेल, तर मालक, भाडेकरू, वरचे रहिवासी आणि सचिव अशा चौघांनी एकाच वेळी जागेवर जमायला हवं. ही बैठक मालकाने घडवून आणायची. भाडेकरूने वरच्या मजल्यावर जाऊन भांडून काही साधत नाही.

मालक न्यू जर्सीत किंवा दुबईत असला, तर गोष्ट आणखी बिकट होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्र असते तेव्हा इथे प्लंबर दारात उभा असतो आणि ‘तीन हजार लागतील, करू का?’ असं विचारत असतो. हो म्हणायला तिथे कोणी जागं नाही. अशा मालकांनी गावातल्या एका माणसाला, भाऊ असो, मेहुणा असो की शेजारचे काका, ठरावीक रकमेपर्यंत होकार देण्याचा अधिकार लेखी द्यावा आणि त्याचा फोन क्रमांक करारात घालावा.

हे सगळं करारात चार-पाच वाक्यांत मावतं. दुरुस्तीची तक्रार लेखी, मोबाइलवरच्या निरोपानेही, करता येईल. मालक तीन दिवसांत उत्तर देईल आणि साध्या कामासाठी सात दिवसांत माणूस पाठवेल. येण्यापूर्वी चोवीस तास कळवलं जाईल आणि भाडेकरू दिलेल्या वेळांपैकी एका वेळी घर उघडं ठेवेल. तातडीच्या कामात अमुक रुपयांपर्यंत भाडेकरू खर्च करेल आणि पावती दिल्यावर ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा होईल. काम तीन दिवसांहून जास्त चाललं आणि बाथरूम किंवा स्वयंपाकघर वापरता आलं नाही, तर त्या दिवसांचं भाडं अमुक प्रमाणात कमी होईल. आकडे आपापल्या घराप्रमाणे भरावेत. आणि कितीही वाद झाला तरी भाडं सरसकट थांबवू नये. कारण मग वाद गळतीचा राहत नाही, थकबाकीचा होतो, आणि त्यात भाडेकरूचीच बाजू लंगडी पडते.

ज्यांचा करार येत्या महिन्यात नव्याने होणार आहे, त्यांनी एजंटने आणलेल्या छापील मसुद्यावर अंगठा लावण्याआधी ही वाक्यं त्यात घालून घ्यावीत. नोंदणी झाल्यावर ती घालणं सोपं राहत नाही.

(पुढील लेखांक : घर सोडताना रंगाचे पैसे)