निवडून येईल का हो ती?

‘बाई चांगली आहे हो, पण निवडून येईल का?’ नगरपालिकेची तिकिटं वाटायची वेळ आली की हा प्रश्न आपल्या कानावर पडतोच. पुढारी त्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. ते मोजायचं कशानं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणूनच मला अमेरिकेतल्या प्रायमरी निवडणुकांचं कुतूहल वाटतं. तिथे निदान उघडपणे मोजायचा प्रयत्न तरी होतो.

प्रायमरी म्हणजे काय, तर नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीआधी राज्याराज्यांतले पक्षाचे मतदारच मत देऊन आपला उमेदवार ठरवतात. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात चुरस होती. हिलरींनी ओहायो, पेनसिल्व्हानिया अशी मोठी राज्यं जिंकली. वेस्ट व्हर्जिनियात तर त्यांना ६७ टक्के मतं आणि ओबामांना अवघी २६. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं, की मोठी राज्यं हिलरी जिंकतात, तेव्हा नोव्हेंबरमध्येही त्याच जिंकतील. पटण्यासारखं आहे ना?

पण उमेदवारी मिळाली ओबामांना, आणि ओहायो, पेनसिल्व्हानिया दोन्ही त्यांनी जिंकून दाखवली. हिलरींचे बहुतेक मतदार शेवटी पक्षासोबतच राहिले. वेस्ट व्हर्जिनिया तेवढं हातचं गेलं. आणि गंमत बघा, ज्या साउथ कॅरोलिनाच्या प्रायमरीत ओबामांना हिलरींच्या दुप्पट मतं पडली होती, तिथे नोव्हेंबरमध्ये ते हरले!

असं का? अहो, प्रायमरीत मत देतात ती मुख्यतः घरचीच माणसं. माहेरी मुलीच्या पुरणपोळीचं कौतुक झालं म्हणून सासरीही होईलच, असं थोडंच आहे?

मग हे निकाल अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. २०१६ मध्ये मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या प्रायमरीत हिलरी बर्नी सँडर्स यांच्याकडून हरल्या, आणि नोव्हेंबरमध्ये तीच राज्यं डोनाल्ड ट्रम्प यांनी थोडक्या मतांनी नेली. इशारा होताच की! पण पेनसिल्व्हानियाची प्रायमरी जिंकूनही ते राज्य गेलंच. देशभरात २८ लाखांहून जास्त मतं मिळवूनही हिलरी हरल्या, कारण तिथे जवळजवळ सगळीकडे राज्य जिंकणाऱ्यालाच त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मतं मिळतात.

राज्य कोणतं जिंकलं, यापेक्षा मत कोणी दिलं हे बघायला हवं, असं मला वाटतं. २०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. साउथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना सावरलं आणि पुढे ते अध्यक्ष झाले. चौथ्या-पाचव्या नंबरवरचा पुरुषही ‘निवडून येणारा’ ठरू शकतो! त्याच शर्यतीत एलिझाबेथ वॉरन, एमी क्लोबुशार अशा अनुभवी सिनेटर होत्या. त्यांच्याबाबतीत मात्र ‘बाई निवडून येईल का?’ हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. आणि लोकांना ती निवडून येणार नाही असं वाटलं की ते मत देत नाहीत, मग ती येतही नाही. हे चक्र आपल्याला परकं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या तुमच्या वॉर्डातल्या एखादीबद्दल कोणी हाच प्रश्न केला, तर मान डोलावू नका. ‘कशावरून म्हणता?’ एवढं जरूर विचारा.