चपाती खाल्ली की पोट फुगतं? गहू सोडण्याआधी ही तपासणी करा

भाईंदर : लोकल पकडण्याआधी स्टेशनबाहेर वडापाव, दुपारी डब्यात चपाती, संध्याकाळी चहाबरोबर खारी. मिरा-भाईंदरमधल्या अनेकांचा दिवस गव्हा-मैद्यावर जातो. त्यामुळे पोट फुगलं, थकवा आला की संशयही गव्हावरच येतो. मग मोबाइलवर वाचून चपाती बंद होते आणि डॉक्टरांकडे जाणं नंतर होतं. इथेच क्रम चुकतो.

सिलिअ‍ॅक नसतानाही त्रास होतो?

होऊ शकतो. ग्लुटेन हे गहू आणि बार्लीतलं प्रथिन. सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरालाच इजा करते. काहींना हा आजार किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी नसते, तरी गहू खाल्ल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पोटदुखी, पोटफुगी, डोकेदुखी, थकवा जाणवतो. याला नॉन-सिलिअ‍ॅक ग्लुटेन संवेदनशीलता म्हणतात.

निदान कसं होतं?

संवेदनशीलता ओळखणारी रक्तचाचणी नाही. त्यामुळे आधी सिलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी नाही, याची खात्री करतात. सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आणि गरजेनुसार एन्डोस्कोपी करून बायोप्सी होते. या दोन्ही तपासण्या गहू खाणं सुरू असतानाच करायच्या. गहू बंद केल्यावर अँटिबॉडी घटतात, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

त्यानंतर आहाराची परीक्षा. २०१५च्या सालेर्नो निकषांनुसार ६ आठवडे ग्लुटेन बंद ठेवून लक्षणं मोजतात. आराम पडला तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता एक आठवडा ग्लुटेन आणि एक आठवडा ग्लुटेन नसलेला पदार्थ देतात. त्रासात किमान ३० टक्के फरक दिसला, तरच निदान पक्कं. दवाखान्यात हे अवघड असल्याने डॉक्टर बहुधा गहू पुन्हा सुरू करून लक्षणांची नोंद ठेवायला सांगतात.

दोष ग्लुटेनचाच?

नेहमी नाही. ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या ५९ जणांवरील नॉर्वेतल्या अभ्यासात (२०१८) ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त त्रास झाला. हे फ्रुक्टान गव्हात असतं, तसंच कांदा-लसणातही. म्हणजे वडापाव बाधला, तर कारण लसणाची चटणीही असू शकते.

हा फरक का महत्त्वाचा?

सिलिअ‍ॅक असेल तर ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद. मैदा मिसळलेला हिंगसुद्धा चालत नाही. संवेदनशीलतेत अनेकांना थोडा गहू चालतो. वजन घटणं, रक्त कमी होणं, जुनाट जुलाब, मुलांची वाढ खुंटणं किंवा घरात कुणाला सिलिअ‍ॅक असणं, यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नका. ज्वारी-तांदळाची भाकरी आहेच, पण आधी रक्ततपासणी.