येत्या बुधवारी गणपती, आणि अमेरिकेचा करसुद्धा

(रविवार, २४ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसारित झालेलं रेडिओ भाषण)

बुधवारी गणपती बसणार. कोकणातल्या बहिणींच्या घरी चाकरमानी यायला सुरुवात झाली असेल, घाटावर गौरीच्या साड्या निघाल्या असतील. अशा घाईत आम्ही जगाच्या राजकारणाचा विषय घेतोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या बैठकीत आपणहून आला.

गेल्या रविवारी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या वस्तीत आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक होती. गणपतीच्या आधीच्या बैठकीत दर वर्षी कर्ज मागणाऱ्या जास्त असतात. या वेळी एक ताई म्हणाल्या, "मला कर्ज नको. माझा हप्ता दोन महिने थांबवता येईल का?" त्या दागिन्यांच्या एका कारखान्यात वॅक्स सेटिंग करतात, म्हणजे मेणाच्या साच्यात बारीक खडे बसवतात. जुलैमध्ये रोज ओव्हरटाइम होता. आता सुपरवायझरने सांगितलंय, "गावाला जाताय ना, निवांत जा. बोलावू तेव्हा या." ताईंचा प्रश्न साधा होता. "भांडण अमेरिकेचं आणि रशियाचं, मग माझा ओव्हरटाइम का गेला?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आठवडाभर वाचलं, विचारलं, आणि आज तुमच्यासमोर मांडतोय.

जकात नाका आठवतो का?

मुंबईत येणाऱ्या बायांना मुलुंडचा आणि दहिसरचा जकात नाका आठवत असेल. ट्रकांच्या रांगा लागायच्या. माल शहरात आणायचा तर आधी नाक्यावर जकात भरायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पण देशांच्या सीमेवरचे नाके जगभर आहेतच. बाहेरचा माल आत येताना तिथे जो कर घेतात, त्यालाच बातम्यांत आयात शुल्क किंवा टॅरिफ म्हणतात.

अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा कर लावला आहे. येत्या बुधवारी, २७ ऑगस्टला, त्यावर आणखी २५ टक्के चढणार आहेत. एकूण ५० टक्के. अमेरिकेत मंगळवारची मध्यरात्र उलटेल, तेव्हा आपल्याकडे बुधवारी सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील. आपण आरतीची तयारी करत असू.

हा कर भारतातला कारखानदार भरत नाही. अमेरिकेत माल मागवणारा व्यापारी भरतो. मग आपलं काय जातं? हिशोब करू. अंधेरीत तयार झालेली अंगठी दहा हजारांची आहे असं धरा. आधीपासूनचा थोडा कर सोडून देऊ. पन्नास टक्क्यांनी तिची किंमत अमेरिकेच्या दारात पंधरा हजार झाली. तशीच अंगठी तुर्कस्तानातून आली तर तिथला जादा कर १५ टक्के, म्हणजे साडेअकरा हजार. तिथला व्यापारी आपल्या मालकाला सांगणार, "निम्मा कर तुम्ही सोसा, नाहीतर मी दुसरीकडून घेतो." मालकाचा नफा तेवढा नसतो. नवी ऑर्डर येत नाही. ऑर्डर नाही की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी कामगार, मग कायम कामगार.

जुलैमध्ये रात्री नऊपर्यंत काम का होतं, तेही यातूनच कळतं. कर चढायच्या आत माल विमानात बसवायचा होता. ती भरभराट नव्हती, पाऊस यायच्या आधी वाळवण गोळा करतो तशी घाई होती.

अंधेरीचं सीप्झ आणि गावाकडची चूल

अंधेरी पूर्वेला सीप्झ नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. नावात सांताक्रूझ असलं तरी ती अंधेरीतच आहे. परदेशी पाठवायचा माल तयार करण्यासाठी सरकारने १९७३ मध्ये ती उभारली. सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक वस्तू होत्या, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दागिन्यांचे कारखाने आले. दागिने निर्यात करणाऱ्यांच्या परिषदेचं म्हणणं आहे की सीप्झमध्ये सुमारे ५० हजार लोकांना काम मिळतं, आणि तिथून होणारी ८५ टक्के निर्यात एकट्या अमेरिकेला जाते. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्यासारखं झालं.

हे पन्नास हजार लोक फक्त मुंबईचे नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणी आणि कितीतरी जण महिन्याला गावी पैसे पाठवतात. त्या पैशातून रत्नागिरीत घराचं छप्पर होतं, साताऱ्यात मुलाची फी भरली जाते, आणि तुमच्या गटाचा हप्ताही भरला जातो. म्हणून अंधेरीतला ओव्हरटाइम गेला तर त्याचा धक्का तुमच्या गावातल्या बैठकीपर्यंत येऊ शकतो.

दोन पंचवीस कशासाठी?

पहिल्या २५ टक्क्यांमागे व्यापाराचा हिशोब आहे. २०२४-२५ मध्ये भारताने अमेरिकेला सुमारे ८६ अब्ज डॉलरचा माल विकला, आणि तिच्याकडून सुमारे ४५ अब्जांचा घेतला. अमेरिकेचं म्हणणं, आमचा माल जास्त घ्या. त्यांना मका, सोयाबीन आणि दुधाचे पदार्थ आपल्याकडे विकायचे आहेत. इथे आपला थेट संबंध येतो. दारात दोन म्हशी असलेली बाई आणि अमेरिकेतला शेकडो गायींचा गोठा यांची बरोबरी होत नाही. तिथलं स्वस्त दूध-भुकटी इथे उतरली तर आपल्या डेअरीचा दर पडेल. पंतप्रधानांनी ७ ऑगस्टला दिल्लीत स्वामिनाथन शताब्दी परिषदेत सांगितलं की शेतकरी, दूध उत्पादक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही.

दुसऱ्या २५ टक्क्यांमागे रशियाचं तेल आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोप-अमेरिकेने रशियाचं तेल घेणं कमी केलं, तसं रशियाने ते स्वस्तात विकायला काढलं. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. युद्धाआधी त्यात रशियाचा वाटा अगदी नगण्य होता, आज तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. अमेरिका म्हणते, तुमच्या पैशावर रशिया लढतो. आपलं सरकार म्हणतं, चीनही तेल घेतो, युरोपही रशियाशी व्यापार करतो, मग आमच्यावरच दंड का?

तर त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हे. भांडण दोघांचं, पण तिसऱ्याच्या ताटावर दबाव टाकून दुसऱ्याला वाकवायचा प्रयत्न चालू आहे. अमेरिका आपल्याला तोफ दाखवत नाही, नाक्यावरची पावती दाखवते.

एकीचा फायदा, दुसरीचा तोटा

असे निर्णय फक्त परदेशीच घेतात असं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत चालली. घाटकोपरच्या बाजारात आम्ही कांदा स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो. त्याच वेळी लासलगाव-निफाडच्या बहिणी भाव पडला म्हणून रडत होत्या.

आताही तसंच आहे. अमेरिकेच्या कराने कापड गिरण्या अडचणीत आल्या, म्हणून सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. गिरणीतल्या कामगाराला दिलासा मिळेल. पण यवतमाळ, जालना, परभणीच्या बहिणींचा कापूस दसऱ्याच्या सुमारास घरात येतो, त्याच्या तोंडावर बाहेरचा स्वस्त कापूस आला तर व्यापारी भाव पाडायला बघणार. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. तो आकडा पाठ ठेवा. ई-पीक पाहणीत कापसाची नोंद झाली का, ते सातबाऱ्यावर तपासा. सीसीआयच्या केंद्रावर माल न्यायचा तर ती नोंद लागते. जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी चौकशी तुम्ही करा.

या आठवड्यात काय ऐकू येईल?

सोमवारी अमेरिकेचे अधिकारी व्यापाराच्या बोलणीसाठी दिल्लीत येणार होते. ती भेट पुढे ढकलली आहे. म्हणजे बुधवारच्या आत काही मिटेल याची आशा कमी.

शुक्रवारी आणि शनिवारी, २९ आणि ३० ऑगस्टला, पंतप्रधान जपानमध्ये असतील. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने वर्षाला ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीचं कर्ज दिलं आहे. व्याजाचा दर आपल्या गटांना हेवा वाटावा असा आहे. पालघरच्या बहिणींनी मात्र त्यासाठी जमिनी दिल्या, हेही विसरू नये.

रविवारी ३१ ऑगस्टला आपल्याकडे गौरी येतील, त्याच दिवशी चीनमध्ये तिआनजिन शहरात शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद सुरू होईल. तिचे सभासद दहा देश आहेत. त्यांत चीन, रशिया, इराण आणि पाकिस्तानही आहेत. भारत २०१७ पासून आहे. पंतप्रधान सात वर्षांनी चीनला जातायत. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले, त्यानंतर संबंध फार ताणले होते. गेल्या आठवड्यात चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले, आणि थेट विमानसेवा पुन्हा सुरू करायचं ठरलं. खतांचा पुरवठा मोकळा करायचं आश्वासनही चीनने दिल्याच्या बातम्या आहेत. यंदा खरिपात डीएपीसाठी ज्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनी या बातमीकडे लक्ष ठेवावं.

युद्ध थांबवण्याचीही बोलणी चालू आहेत. १५ ऑगस्टला अलास्कात अमेरिका आणि रशियाचे अध्यक्ष भेटले, १८ तारखेला युक्रेनचे अध्यक्ष वॉशिंग्टनला गेले. युद्ध थांबलं तर आपल्यावरच्या दुसऱ्या २५ टक्क्यांचं कारणच उरणार नाही.

पण एक लक्षात ठेवा. सोयरिकीत मुलगी बघायला येणं वेगळं, बोलणी वेगळी, आणि सुपारी फुटणं वेगळं. पुढाऱ्यांनी हात मिळवले, एकत्र फोटो काढला, ही झाली भेट. 'चर्चा सकारात्मक झाली' म्हणजे बोलणी चालू आहेत. कागदावर सह्या होऊन तारीख ठरते, तेव्हा सुपारी फुटली. फोटो बघून कर्ज काढू नका आणि फोटो बघून घाबरूही नका. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारा: कुठल्या मालावर? कुठल्या तारखेपासून? कशाला सूट? औषधं आणि मोबाइल फोन यांना आज या करातून सूट आहे. म्हणजे औषधाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बहिणीवर आज हे संकट नाही.

आमच्या गटाने काय ठरवलं

त्या ताईंचा अर्ज आम्ही नुसता मंजूर केला नाही, ठराव केला. जिचं काम या कारणाने कमी झालं, तिने तीन महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल नंतर. बचत मात्र, पन्नास रुपये का होईना, चालू ठेवायची. ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, म्हणजे उद्या कुणी 'तिला दिलं, मला नाही' असं म्हणायला नको. सणासाठी बाहेरच्या फायनान्स कंपनीचं कर्ज यंदा कुणी घ्यायचं नाही, असंही ठरलं. आणि कामावरून कमी केलंच तर हजेरी कार्ड, पगाराची पावती आणि पीएफचा नंबर आधीच घरी आणून ठेवायचा.

तुमच्या गावात ज्या घरी मुंबईचा पैसा येतो, त्या घरच्या सभासदाला पुढच्या बैठकीत आपणहून विचारा. हप्ता थकल्यावर विचारलं की ती चौकशी वाटते, आधी विचारलं की आधार वाटतो.

ताई आज गावाला निघाल्यात. परतीचं तिकीट त्यांनी काढून ठेवलंय, बोलावणं येवो न येवो. वॅक्स सेटिंग करणारे हात रिकामे बसू नयेत म्हणून गौरीच्या दागिन्यांचं काम गटातर्फे घेता येईल का, ते आम्ही पाहतोय. जमलं तर पुढच्या वेळी सांगू.