शब्दांचे सोयरेगोत : लेखांक सहावा – खत

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, सेलू किंवा मानवत यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी, मृगाच्या तोंडाशी एखादा कास्तकार दोन कामे योजून आला, तर सकाळी त्याला दुकानातून खताची पोती उचलावयाची असतात आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीचे खरेदीखत नोंदवावयाचे असते. आणि या दोन्ही खतांचा उच्चार एक, लेखन एक, नपुंसकलिंगही एकच असताना त्याच्या मनात क्षणभरसुद्धा घोटाळा उत्पन्न होत नाही. शेजारच्या दखनी बोलणाऱ्या घरात मात्र ‘खत आया’ असे कोणी म्हणाले, तर पोतेही आलेले नसते आणि दस्तऐवजही नसतो. आलेले असते टपालाने पत्र.

यांपैकी पहिले खत आपल्या मातीतले. संस्कृतात ‘खन्’ म्हणजे खणणे आणि ‘खात’ म्हणजे खणलेला खड्डा. ज्या खड्ड्यात शेण, पाला व राख कुजत ठेवीत, त्याचे नाव आतील वस्तूस चिकटले असावे, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. पुढे युरिया आला, सुपर फॉस्फेट आले. त्यांचा उकिरड्याशी कसलाच संबंध नव्हता, तरी ‘रासायनिक’ हे विशेषण लावून मराठीने त्यांनाही खतांच्या पंक्तीला बसविले.

दुसरे खत दूरदेशीचे. अरबीत ‘ख़त्त’ म्हणजे रेघ. रेघेवरून लेखन, लेखनावरून हस्ताक्षर, आणि हाताचे लेखन म्हणून फारसीत ‘दस्तखत’, असा हा अर्थविस्तार आहे. तुर्कस्तानात हाच शब्द ‘हत’ होऊन सुलतानाच्या आज्ञापत्रास लागला, आणि 1839 व 1856 च्या ज्या दोन प्रसिद्ध फर्मानांनी उस्मानी राज्यकारभारात सुधारणा जाहीर केल्या त्यांच्या नावांत तो कायमचा राहिला. आज मात्र तेथील सामान्य मनुष्य त्याच शब्दाने बसचा मार्ग आणि दूरध्वनीची जोडणी दर्शवितो. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांना भूमितीतील सरळ रेषा ‘ख़त्त-ए-मुस्तक़ीम’ आणि भूगोलातील विषुववृत्त ‘ख़त्त-ए-इस्तिवा’ म्हणून घोकावे लागे. अरबीतील मूळची रेघ तेथे जशीच्या तशी शाबूत होती.

मराठीने मात्र या साऱ्या संपत्तीतून एकच वस्तू मुख्यत्वे उचलली, ती म्हणजे दस्त. आणि हे यथायोग्यच झाले. कारण रेघेला रेघ होती, पत्राला पत्र होते, उणीव होती ती सरकार, सावकार आणि रयत यांच्या व्यवहारास बांधून ठेवणाऱ्या कागदाची. गहाणखत, खरेदीखत, साठेखत ही सारी त्या निकडीची अपत्ये होत. तो कागद किती जड होता, याची साक्ष पाहावयाची तर 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे काय झाले ते आठवावे: शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः त्यांच्या वह्या व खते हस्तगत करून जाळण्यासाठी. या दंग्यांच्या पाठोपाठ 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा आला. परभणी त्या वेळी निजामाच्या मुलखात, म्हणून तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु दफ्तराची भाषा आधी फारसी व मग उर्दू असल्याने असे शब्द येथे 1948 पर्यंत राजमान्यतेने नांदले. आजही कोणत्याही खरेदीखताच्या आरंभी विकणारा ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा ‘लिहून घेणार’ म्हणूनच उभा असतो, मग प्रत्यक्ष मजकूर संगणकावर तिसऱ्यानेच का टंकिलेला असेना!

याउलट उर्दूने खताचे पत्र केले. आणि येथे एक मौजेची अदलाबदल दिसते. खुद्द फारसीत पत्राला रुळलेला शब्द होता ‘नामा’. तो आपल्याकडे आला आणि करारनामा, पंचनामा, जाहीरनामा, राजीनामा अशा कचेरीच्या कागदांतच गुंतून पडला, इतका की नामा म्हणजे पत्र हे मराठी माणसास सांगितले तरी खरे वाटू नये. त्या नाम्याची हकीकत पुढील लेखांकी.